वॉरंट नको, पावती पुरे!

अमेरिकेत पोलिसांना तुमच्या घराची झडती घ्यायची असेल, तर साधारणपणे न्यायाधीशाकडून वॉरंट आणावं लागतं. 1791 पासून राज्यघटनेत असलेली चौथी दुरुस्ती हे बंधन घालते. आधी कारण दाखवा, मग हात लावा. पण तुम्ही कोणत्या मशिदीत किती वाजता गेलात, तिथून कुणाच्या घरी गेलात, ही माहिती एखादी कंपनी विकत असेल, तर तेच सरकार पैसे मोजून ती घेतं. न्यायाधीश नाही, कारण नाही. फक्त पावती.

माझं म्हणणं सरळ आहे. जी माहिती मागायला वॉरंट लागतं, ती विकत घ्यायलाही वॉरंट लागलंच पाहिजे.

हा प्रश्न आपला नाही असं वाटत असेल, तर नोव्हेंबर 2020 आठवा. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजच्या वेळा आणि किबला दाखवणारं ॲप. तेव्हा ते 9 कोटींहून जास्त वेळा डाउनलोड झालेलं होतं. ‘मदरबोर्ड’ने बातमी दिली की या ॲपमधून लोकांचं लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जातं, आणि एक्स-मोडचा डेटा कंत्राटदारांमार्फत अमेरिकी लष्करापर्यंत पोहोचतो. बोंबाबोंब झाल्यावर ॲपने एक्स-मोडशी संबंध तोडले. पण बातमी आली नसती तर?

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, म्हणून हे कसं होतं ते सांगतो. ॲप बनवताना आम्ही सगळा कोड स्वतः लिहीत नाही. जाहिराती, नकाशे, आकडेवारी यांसाठी इतर कंपन्यांचे तयार तुकडे जोडतो. त्यांना एसडीके म्हणतात. तुम्ही ॲपला लोकेशनची परवानगी दिली, की ती आतल्या एसडीकेलाही मिळते. ॲपवाल्याला महिन्याला पैसे मिळतात आणि तुमचा ठावठिकाणा तिसऱ्याच्या गोदामात जमा होतो. त्यावर तुमचं नाव नसतं, हे खरं. पण जो फोन रोज रात्री एकाच घरात असतो आणि शुक्रवारी दुपारी एकाच मशिदीत, त्याचं नाव शोधायला कितीसा वेळ लागतो?

आणि नमाजच्या ॲपला एवढ्या माहितीची गरज तरी आहे का? नमाजची वेळ सूर्याच्या स्थितीवर ठरते. मुंबई आणि पुण्याच्या रेखांशात साधारण एका अंशाचा फरक आहे, म्हणजे वेळेत सुमारे चार मिनिटांचा. तुमचं ठिकाण पूर्व-पश्चिम दहा किलोमीटर चुकलं, तरी आपल्याकडे फरक अर्ध्या मिनिटाहून कमी पडतो. शहराचं नाव पुरतं. सगळं गणित फोनवरच होतं, सर्व्हरला काही कळवावं लागत नाही. तरीही तुम्ही कुठल्या गल्लीत उभे आहात हे बाहेर पाठवलं जात असेल, तर ते नमाजसाठी नाही, विक्रीसाठी आहे.

आता कायदा बघा. 1976 मध्ये बँकेच्या नोंदींबाबत आणि 1979 मध्ये फिरवलेल्या फोन नंबरांबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, तुम्ही स्वतःहून तिसऱ्याच्या हाती दिलेल्या माहितीवर खासगीपणाचा दावा उरत नाही. त्या काळी फोन भिंतीला टांगलेला असे. 2018 मध्ये कार्पेंटर खटल्यात न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ही चौकट थोडी मोडली. पोलिसांनी वॉरंटशिवाय एका माणसाच्या फोनच्या 127 दिवसांच्या 12,898 लोकेशन नोंदी मोबाइल कंपन्यांकडून मिळवल्या होत्या. न्यायालय म्हणालं, यासाठी वॉरंट हवं.

मग सरकारने पळवाट शोधली. 2021 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेने सिनेटर रॉन वायडन यांच्या कार्यालयाला लेखी कळवलं की, बाजारात विकत मिळणारा डेटा घ्यायला कार्पेंटर निकालानुसार वॉरंट लागतं असं आम्ही मानत नाही. म्हणजे न्यायालयाने पुढचं दार बंद केलं आणि सरकार मागच्या दाराने दुकानात शिरलं. हे दार बंद करणारं विधेयक एप्रिल 2024 मध्ये प्रतिनिधिगृहात 219 विरुद्ध 199 मतांनी मंजूर झालं. सिनेटमध्ये ते अडकलं आणि कायदा झालाच नाही.

यावर दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. पहिलं: दहशतवादी पकडायचे नाहीत का? जरूर पकडा. संशयाला आधार असेल तर न्यायाधीश वॉरंट देतोच. वॉरंट तपास थांबवत नाही, ते फक्त ‘यांचा धर्म बघा आणि सगळ्यांवर नजर ठेवा’ हे थांबवतं. दुसरं: ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.’ न्यूयॉर्कच्या मुसलमानांकडे तरी काय होतं? 9/11 नंतर तिथल्या पोलिसांच्या एका खास पथकाने त्यांच्या मशिदी, चहाची दुकानं, विद्यार्थी संघटना यांची टिपणं ठेवली. 2012 मध्ये त्याच पोलिस दलाच्या अधिकाऱ्याने शपथेवर मान्य केलं की, या पथकाच्या कामातून दहशतवादाच्या एकाही तपासाला धागा मिळाला नाही. 2014 मध्ये पथक बंद झालं. पण त्या काळात लोक एकमेकांकडे संशयाने बघायला शिकले, त्याची भरपाई कोण करणार? तेव्हा माणसं पाठवावी लागत होती. आता फाइल विकत मिळते.

आपण तर अमेरिकेच्या बाहेर आहोत. आपला ईमेल, आपले फोटो अमेरिकन कंपन्यांकडे आहेत, पण 1990 च्या एका निकालानुसार परदेशी माणसाच्या परदेशातल्या मालमत्तेच्या झडतीला चौथी दुरुस्ती लागू होत नाही. परकीय हेरगिरी कायद्याच्या कलम 702 नुसार अमेरिकेबाहेरच्या बिगर-अमेरिकी माणसाचा पत्रव्यवहार तिथल्या कंपन्यांकडून घ्यायला त्या माणसापुरतं वेगळं वॉरंट लागत नाही. अमेरिकन माणसाकडे अर्धवट का होईना, ढाल आहे. आपल्याकडे तीही नाही.

म्हणून आपलं काम जास्त आहे. फोनमध्ये जा, नमाजच्या ॲपची लोकेशनची परवानगी काढा आणि शहर हाताने निवडा. ॲपवाल्याला लिहून विचारा: यात कुणाचे एसडीके आहेत, डेटा कुणाला जातो? उत्तर आलं नाही तर ॲप काढून टाका. ट्रस्टी मंडळी मशिदीसाठी ॲप बनवून घेत असतील, तर हाच प्रश्न बैठकीत उभा करा.

आणि पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन कंपन्यांसाठी कोड लिहिणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनो, जी माहिती लागत नाही ती गोळा करू नका, आणि कुणी सांगितलं तर ‘कशासाठी?’ हे ईमेलवर लिहून विचारा. तिकडचे कायदे आपल्या हातात नाहीत. पण जी माहिती गोळाच झाली नाही, ती कुठलंही सरकार विकत घेऊ शकत नाही.