सिझरची तारीख ठरली म्हणून तपासणी माफ होत नाही

"सिझरच करायचंय ना, मग ही तपासणी कशाला?" हे वाक्य आम्ही दवाखान्यांच्या व्हरांड्यात अनेकदा ऐकले आहे. कधी ते कर्मचारी बोलतात, कधी घरचीच मंडळी. याच्या उलट टोकाला, खासगी हॉस्पिटलात तीच तपासणी 'पॅकेज'मध्ये घुसवलेली असते आणि ती कशाची हे बाईला कोणी सांगत नाही. गरीब बाईला तपासणी नाही, पैसेवालीला माहिती नाही. विचारले मात्र दोघींनाही जात नाही. आमचा पहिला आक्षेप यावर आहे.

आधी विषय समजून घेऊ. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस, म्हणजे जीबीएस, हा जिवाणू आतड्यात आणि योनिमार्गात राहतो. जगभरात साधारण पाचातल्या एका गरोदर बाईत तो सापडतो. तिला बहुधा काहीच त्रास होत नाही. बाळंतपणात तो बाळाकडे जाऊ शकतो. अशा आयांच्या जवळपास निम्म्या बाळांकडे तो जातो आणि औषध न दिल्यास त्यातली शेकडा एक-दोन बाळे पहिल्याच आठवड्यात आजारी पडतात. रक्तात जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, मेंदूज्वर. टक्का लहान दिसतो, पण आजार तासातासाने वाढतो आणि नवजात बालकांचा विभाग चाळीस किलोमीटरवर असला की त्या तासांची किंमत कळते. उपाय साधा आहे. कळा सुरू झाल्यावर, शक्यतो बाळ जन्मण्याच्या किमान ४ तास आधी, शिरेतून पेनिसिलिन. औषध जुने आणि स्वस्त.

आता सिझरचे. कळा नाहीत, पाणमोट शाबूत आहे आणि ठरल्या वेळी सिझर झाले, तर जीबीएसचा धोका अगदी कमी असतो. तेव्हा जीबीएससाठी वेगळे प्रतिजैविक लागत नाही. पोटावर छेद घेण्याआधी एक डोस देतात तो जखमेत जंतू होऊ नयेत म्हणून. दोन्हींची गल्लत करू नये. म्हणजे "कशाला?" विचारणारा अर्धा बरोबर आहे. राहिलेले अर्धे असे की तपासणी छत्तीस-सदतीसाव्या आठवड्यात होते आणि ठरवलेले सिझर बहुधा एकोणचाळिसाव्यात. मधल्या दोन-तीन आठवड्यांत कळा तारीख विचारून येत नाहीत. रात्री दोनला पाणी जाते, गाडी मिळत नाही, ठरलेले रुग्णालय राहते बाजूला आणि बाई जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखल होते. तिथल्या डॉक्टरने तिला कधी पाहिलेलेही नसते. त्या क्षणी माता-बाल कार्डात खोचलेला तो एक कागद कामाला येतो. म्हणूनच अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सिझर ठरलेल्या बाईचीही ही तपासणी करायला सांगते.

कार्यकर्त्यांनो, यापुढचा मुद्दा खास आपला आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की "स्वच्छता पाळत नाही का?" हा प्रश्न येतो. तो कोणत्या वस्तीतल्या बाईला जास्त विचारला जातो, हे आपल्याला माहीत आहे. जीबीएस घाणीमुळे होत नाही. तो गुप्तरोग नाही. बंगल्यातल्या बाईच्या आतड्यातही तो तितक्याच निवांतपणे राहतो. ज्यांनी आपल्या सावलीला विटाळ म्हटले, त्यांच्या विचाराला आता लॅबच्या कागदाचा आधार मिळू देऊ नका. नवऱ्याने किंवा सासूने संशय घेतला, तर आशाताईला सोबत घेऊन घरात बसून समजावा.

आम्ही या तपासणीला देव्हाऱ्यात बसवत नाही. ब्रिटनमध्ये ती सरसकट होत नाही, तिथे जोखीम पाहून ठरवतात. आपल्या सरकारी कार्यक्रमातही ती सर्वांसाठी नाही. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बालकांवरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रामुख्याने सापडले ते असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय. म्हणजे हात, पलंग, उपकरणे, प्रसूतिगृहाची फरशी हे प्रश्न स्वॅबइतकेच, किंबहुना जास्त मोठे आहेत. ती फरशी पुसणारी माणसे कंत्राटावर, अपुऱ्या पगारात, पुरेसे हातमोजे नसताना राबतात. तीही बहुतेक आपलीच. बाळाच्या आरोग्याची मागणी त्यांच्या मागणीपासून तोडता येत नाही.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडले की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. चार लेकरे गमावलेला बाप ते बोलत होता. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे आणि आवश्यक तपासण्या मोफत आहेत. हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. तरीही "बाहेरून करून आणा" अशी चिठ्ठी हातात पडते.

दुसरीकडे धंदा आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत खासगी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझरने झाली, सरकारीत १४.३ टक्के. त्यामुळे हेही पक्के लक्षात ठेवा: केवळ जीबीएस पॉझिटिव्ह आहे हे सिझर करण्याचे कारण होऊ शकत नाही. लघवीत तो जंतू निघाला नसेल, तर आठव्या महिन्यात गोळ्या खाऊन उपयोग नाही. तो परत येतो. औषधाची वेळ कळांची.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कल्चरची सोय असते. तिथे सिझरची तारीख मिळालेल्या प्रत्येक बाईला ही तपासणी मोफत मिळावी आणि रिपोर्ट मराठीत समजावून सांगावा, असे निवेदन आपण रुग्ण कल्याण समितीला देऊ शकतो. लघवीची तपासणी तर पहिल्या भेटीपासून मागायची. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो. त्या दिवशी वस्तीतल्या बाईसोबत जा. तिच्या कार्डावर रिपोर्ट लिहिला का, पेनिसिलिनची अॅलर्जी विचारली का, आणि पाणी आधीच गेले तर कुठे जायचे हे सांगितले का, एवढे तिथेच विचारून घ्या.