पाल्कचा उपसागर आणि ट्रॉलरचे अर्थकारण

रामेश्वरमचे ट्रॉलर रात्री सागरी सीमा ओलांडतात. श्रीलंकेचे नौदल त्यांतील काही पकडते. खलाशी तुरुंगात जातात, नौका जप्त होतात. तामिळनाडूचे मुख्यमंत्री पंतप्रधानांना पत्र लिहितात. काही आठवड्यांनी माणसे सुटून येतात, नौका मात्र पुष्कळदा तेथेच कुजत राहतात. २०२४ या एका वर्षात पाचशेहून अधिक भारतीय मच्छीमार असे पकडले गेले. या घटनाक्रमाची आपल्या वृत्तपत्रांना इतकी सवय झाली आहे की तो हवामानाच्या अंदाजासारखा छापला जातो. निवडणूक आली की त्यात कच्चतीवू बेटाची भर पडते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ती पडलीच. बेट कोणी दिले, का दिले, परत कसे घ्यायचे, यावर सभा गाजल्या. पाल्कच्या उपसागरातील मासळी कोणामुळे संपत चालली आहे, हा प्रश्न मात्र त्या सभांत फारसा कोणी विचारला नाही. पुरोगामी चळवळीतील कार्यकर्त्यांनी तरी तो विचारला पाहिजे.

प्रथम बेटाचा मुद्दा बाजूला करू. कच्चतीवू हे २८५ एकरांचे, पिण्याच्या पाण्याची सोय नसलेले, निर्जन बेट आहे. १९७४ च्या करारान्वये सीमारेषा आखली गेली तेव्हा ते श्रीलंकेच्या बाजूस गेले. भारतीय मच्छीमारांना व यात्रेकरूंना तेथे जाण्याची मोकळीक त्या करारात राखून ठेवली होती. १९७६ च्या दुसऱ्या करारासोबत झालेल्या पत्रव्यवहारात मात्र एका देशाच्या नौकांनी दुसऱ्याच्या हद्दीत मासेमारी करू नये असे ठरले. हे दोन्ही करार मच्छीमारांना न विचारता झाले, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु उद्या ते बेट भारताला परत मिळाले तरी ट्रॉलर तेवढ्यावर थांबणार नाहीत. ते बेटाच्या कितीतरी पुढे, श्रीलंकेच्या उत्तर किनाऱ्याजवळ जातात, कारण आपल्या बाजूचा तळ त्यांनी केव्हाच खरवडून काढला आहे.

पाल्कची सामुद्रधुनी आणि तिच्या दक्षिणेचा पाल्कचा उपसागर हा अत्यंत उथळ समुद्र आहे. त्याच्या तळावरील सागरी गवताची कुरणे म्हणजे कोळंबीची आणि असंख्य माशांची पाळणाघरे होत. अशा समुद्रात दोन्ही काठांचे तमिळ मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या लहान होड्यांनी आणि साध्या जाळ्यांनी मासेमारी करीत आले. ट्रॉलर तेथे मागाहून आला. १९५३ मध्ये केरळात सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाचा मूळ हेतू गरीब मच्छीमाराचे जीवनमान उंचावण्याचा होता. प्रत्यक्षात कोळंबीला परदेशात मिळणाऱ्या भावाने त्या प्रकल्पाची दिशाच बदलली. कोळंबीला ‘गुलाबी सोने’ म्हणू लागले, आणि तळ ओरबाडणारे जाळे ओढणारी यांत्रिक नौका सरकारी कर्जे व अनुदाने घेऊन सर्व किनाऱ्यांवर पसरली. मासेमारीशी पूर्वी संबंध नसलेल्यांचे भांडवलही तीत उतरले.

यानंतरचा इतिहास युद्धाने घडविला. १९८३ ते २००९ या काळात श्रीलंकेच्या उत्तर भागातील मच्छीमारांना सुरक्षेच्या नावाखाली समुद्रावर जाण्यास कधी पूर्ण, कधी अंशतः मज्जाव होता. तो समुद्र रिकामा दिसला आणि तामिळनाडूचा ट्रॉलर-ताफा त्या रिकामेपणावर वाढला. गोळीबारात प्राण गमावण्याची जोखीम पत्करूनही हा व्यवसाय चालू राहिला. युद्ध संपले आणि जाफना, मन्नार, मुल्लैतीवूचे विस्थापित मच्छीमार कर्ज काढून घेतलेली नायलॉनची जाळी घेऊन पुन्हा समुद्रावर आले, तेव्हा ती जाळी ट्रॉलरच्या फेऱ्यांत फाटून जाऊ लागली. म्हणजे तमिळ विरुद्ध सिंहली असा जो रंग या तंट्याला दिला जातो, तो मुळातच खोटा आहे. तंटा तमिळ ट्रॉलर आणि तमिळ होडी यांच्यातील आहे. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर श्रीलंकेच्या संसदेने २०१७ मध्ये बंदी घातली. त्या बंदीचा आग्रह एम. ए. सुमंथिरन या उत्तरेच्या तमिळ खासदाराने खासगी विधेयकाद्वारे धरला होता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आणि हा तंटा सीमेच्या अलीकडेही आहेच. रामेश्वरमच्या बाजूला आठवड्याचे तीन दिवस ट्रॉलरचे आणि चार दिवस साध्या होड्यांचे, अशी वाटणी अनेक वर्षांपूर्वी करावी लागली ती याच कारणाने. दोघे एकाच वेळी एका समुद्रात नांदू शकत नाहीत हे आपल्याच किनाऱ्यावर मान्य झालेले सत्य आहे. सीमेपलीकडच्या होडीला मात्र आपण त्या चार दिवसांचाही हक्क दिलेला नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. स्कॉट गॉर्डन या कॅनडातील अर्थशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवून दिले होते की ज्या मत्स्यक्षेत्रावर कोणाचेच नियंत्रण नाही तेथे नफा उरेपर्यंत नौका वाढतच जातात. अखेरीस सर्वांचा नफा शून्यावर येतो आणि मासळीही संपते. यात अनुदानाची भर घाला. यांत्रिक नौकांच्या डिझेलवरील करात सवलत दिली की नौकामालकाचा खर्च कमी होतो. उद्ध्वस्त तळाचा आणि फाटलेल्या जाळ्यांचा खर्च मात्र पलीकडच्या होडीवाल्याच्या माथी पडतो. लाभ खासगी आणि तोटा सामाजिक, असा हा जुनाच हिशेब आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते या हिशेबाची दुसरी बाजू मांडल्याबद्दल. सामायिक संपत्ती वापरणारे लोक स्वतः नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात, आणि सरकार त्यांच्या नियमांना मान देते, तेथे ती संपत्ती टिकते, हे त्यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून सिद्ध केले.

पाल्कच्या उपसागरात असा प्रयत्न झालेला आहे. २०१० च्या ऑगस्टमध्ये उत्तर श्रीलंकेतील मच्छीमारांचे प्रतिनिधी तामिळनाडूत आले, आणि श्रीलंकेच्या हद्दीतील ट्रॉलिंग वर्षभरात थांबविण्याबाबत दोन्हीकडच्या मच्छीमारांत समजूत झाली. ही समजूत करणारे कोणी राजदूत नव्हते. पण ती अमलात आणायला पैसा लागतो, पर्यायी रोजगार लागतो; त्यासाठी ना दिल्ली पुढे आली ना चेन्नई. २०१४ मध्ये पुन्हा चर्चा झाल्या. २०१६ मध्ये दोन्ही सरकारांचा संयुक्त कार्यगट स्थापन झाला. २०१७ मध्ये भारत सरकारने दोन हजार ट्रॉलर बदलून त्यांच्या जागी खोल समुद्रातील नौका देण्याची योजना आणली. ऐंशी लाखांच्या नौकेवर सत्तर टक्के अनुदान होते. तरीही उद्दिष्टाच्या मानाने फारच थोड्या नौका पाण्यात उतरल्या. संध्याकाळी जाऊन सकाळी परतणाऱ्या माणसाला आठवडेच्या आठवडे खोल समुद्रात कुपा पकडायला धाडायचे, तर त्याला प्रशिक्षण हवे, बाजार हवा, उरलेल्या रकमेचे कर्ज फेडता येईल असा भरवसा हवा. शिवाय योजना आखली गेली ती मालकासाठी. ट्रॉलर मोडीत निघाल्यावर त्यावरच्या खलाशाने काय करावे, याचे उत्तर तीत नव्हते.

सीमेचा वाद मिटल्याखेरीज सहकार्य होत नाही, असे कोणी म्हणेल. त्याला दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले उत्तर युरोपातील. बॅरेंट्स समुद्रातील कॉड मासळी नॉर्वे आणि सोव्हिएत संघ यांची सामायिक होती. शीतयुद्ध चालू होते, नॉर्वे नाटोचा सदस्य होता, दोघांतील सागरी सीमा वादग्रस्त होती. तरीही १९७५ मध्ये त्यांनी संयुक्त मत्स्यव्यवसाय आयोग स्थापन केला आणि कॉडचा वाटा निम्मा-निम्मा ठरविला. वादग्रस्त पट्ट्यात कोणी कोणाची नौका तपासायची याची तात्पुरती व्यवस्था १९७८ मध्ये लावली. सीमेचा तंटा मिटला तो थेट २०१० साली. मासळीची व्यवस्था त्यापूर्वी तीन दशके चालू होती. नॉर्वेकडून आपण ट्रॉलर घेतला, त्याचा आयोग घेतला नाही.

दुसरे उदाहरण शेजारचे. बंगालच्या उपसागरातील सीमेचा निवाडा आंतरराष्ट्रीय लवादाने २०१४ मध्ये दिला. त्यानंतरही बांगलादेशच्या मच्छीमारांची तक्रार होती की आपला पासष्ट दिवसांचा बंदीकाळ भारताच्या बंदीशी जुळत नसल्याने आपण वाढविलेली मासळी भारतीय नौका नेतात. २०२५ मध्ये बांगलादेशाने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी बदलून ती भारताच्या पूर्व किनाऱ्याच्या १५ एप्रिल ते १४ जून या बंदीशी जवळपास जुळवून घेतली. तेव्हा दोन्ही देशांचे राजकीय संबंध ताणलेले होते, हे लक्षात घ्यावे. मासळीचा विणीचा हंगाम सत्तांतराची वाट पाहत नाही, एवढे शहाणपण तेथे दाखविले गेले.

पाल्कच्या उपसागरासाठी अशी व्यवस्था लावायला नवी संस्थाही उभारावी लागणार नाही. १९७९ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या बंगालच्या उपसागराच्या कार्यक्रमातून २००३ साली बांगलादेश, भारत, मालदीव व श्रीलंका यांची आंतरशासकीय संघटना उभी राहिली. ती अभ्यास करते, सल्ला देते. पण कोणाला किती मासळी, कोणते जाळे, किती दिवस, हे ठरविण्याचा अधिकार तिला सरकारांनी दिलेला नाही. तो दिला पाहिजे.

मत्स्यशेतीच्या बाबतीतही सहकार्याची तितकीच निकड आहे. समुद्रातील मासळी कमी झाली तर शेतीने भरून काढू, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, तसाच धोकाही आहे. नव्वदच्या दशकात कोळंबीच्या तळ्यांनी तामिळनाडू व आंध्रच्या किनाऱ्यावर शेतजमीन आणि विहिरी खारावल्या. ज्येष्ठ सर्वोदयी नेते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल देऊन त्या तळ्यांना वेसण घातली. पुढे २००५ च्या कायद्याने तळ्यांना परवाने देणारे प्राधिकरण आले. तळ्यांतील कोळंबीला जे खाद्य लागते त्यात लहान माशांची भुकटी असते, आणि ती मासळी पुष्कळदा ट्रॉलरच्याच जाळ्यातून येते. समुद्र वाचवायला निघालेली शेती समुद्रावरच पोसली जाते.

पाल्कच्या उपसागरात याला आणखी एक पैलू आहे. भारतात समुद्रकाकडी पकडण्यास २००१ पासून बंदी आहे. श्रीलंकेत परवाना घेऊन ती पकडता येते आणि तिची शेतीही होते. परिणामी सीमेच्या या बाजूने त्या बाजूला तस्करी चालते. जाफन्याच्या परिसरात खाजणांना कुंपण घालून समुद्रकाकडीची शेती सुरू झाली, तेव्हा त्याच पाण्यात कोळंबी पकडणाऱ्या गरीब मच्छीमारांनी तिला विरोध केला. आपल्या बाजूला रामनाथपुरम जिल्ह्यात बचतगटांतील स्त्रिया समुद्रशेवाळाची शेती करतात. पण त्यासाठी आणलेली परकी जात मन्नारच्या आखातातील प्रवाळांवर पसरल्याचेही आढळले आहे. बीज, रोग, परक्या जाती यांपैकी काहीही सीमारेषेपाशी थांबत नाही. म्हणून कोणती जात आणायची, किती पाणी कुंपणात घालायचे आणि ते कोणाला द्यायचे, याचे नियम दोन्ही काठांवर एकच असले पाहिजेत. पट्टे द्यायचे तर ते मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना आणि स्त्रियांच्या गटांना द्यावेत, कंपन्यांना नव्हेत.

महाराष्ट्रातील वाचकाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. सत्तरच्या दशकात गोव्याच्या रापणकरांनी ट्रॉलरविरुद्ध लढा दिला. आज मालवण-देवगडचा पारंपरिक मच्छीमार कर्नाटकातून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरबद्दल जे सांगतो, ते जाफन्याच्या मच्छीमारापेक्षा निराळे नाही. येथे त्याला ‘परप्रांतीय’ म्हणतात, तेथे ‘परदेशी’. शब्द बदलला तरी जाळे तेच राहते. आणि पालघरच्या आदिवासी वाड्यांतील जे तरुण गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून जातात व पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडतात, त्यांचीही कथा रामेश्वरमच्या खलाशासारखीच आहे. नौका मालकाची, सीमा सरकारची आणि तुरुंग खलाशाचा.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पाल्कच्या उपसागरातील तळ खरवडणारे ट्रॉलिंग ठराविक मुदतीत बंद व्हावे. ट्रॉलर सरकारने विकत घेऊन मोडीत काढावेत, आणि त्या भरपाईत खलाशाचा वाटा कायद्याने ठरलेला असावा. दोन्ही देशांच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी साठ्यांची एकत्र मोजदाद करावी. बंदीकाळ व जाळी एकाच संयुक्त आयोगाने ठरवावीत, आणि त्या आयोगात निम्म्या जागा होडीवाल्या मच्छीमारांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना असाव्यात. तोवर पकडल्या गेलेल्या खलाशांवर गोळ्या झाडल्या जाऊ नयेत, त्यांना गुन्हेगारासारखे वागवले जाऊ नये. ट्रॉलर बंद केले तर हजारो खलाशी उपाशी मरतील, हा आक्षेप खरा आहे. पण तळ संपल्यावर ते उपाशी मरणारच आहेत, आणि तेव्हा भरपाई द्यायला कोणी येणार नाही.

कच्चतीवूवर भाषण करणे सोपे आहे, कारण त्यात आपल्या बाजूच्या कोणाचेही हितसंबंध दुखावले जात नाहीत. ट्रॉलरवर बोलायचे तर आपल्याच किनाऱ्यावरच्या नौकामालकाशी आणि निर्यातदाराशी भांडावे लागेल. ते भांडण अंगावर घेण्याची तयारी आहे की नाही, एवढाच प्रश्न आता उरला आहे.