बाटली आडवी करायची, पण कशी?

दारूचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, "सरसकट दारूबंदी करा, सगळे प्रश्न सुटतील." दुसरा म्हणतो, "बंदीनं काही होत नाही, पिणारा कुठूनही आणून पितो." या भांडणात मधले साधे प्रश्न राहूनच जातात. दुकान घरापासून किती लांब आहे? ते रात्री किती वाजता बंद होतं? बाटली कितीला मिळते? आणि ती कोणाच्या हातात दिली जाते? मैत्रिणींनो, आपल्या घरातली संध्याकाळ कशी जाणार, हे पुष्कळदा या चार प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं.

आमच्या पुण्याचंच उदाहरण घ्या. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात एका भरधाव महागड्या मोटारीनं दुचाकीवरून जाणाऱ्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्याआधी त्याला पबमध्ये दारू दिली गेली होती, असं पोलिसांनी सांगितलं. आपल्या राज्यात बिअर आणि वाईनसाठी 21 वर्षं, तर व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी 25 वर्षं पूर्ण असावी लागतात. म्हणजे कायदा होता, वयाची अट होती. ती पाळली जाते की नाही, हे बघणारं कोणी नव्हतं. अपघातानंतर पबना टाळं लागलं, तपासण्या सुरू झाल्या. हेच आधी झालं असतं तर?

जागतिक आरोग्य संघटना गेली कित्येक वर्षं सांगते आहे की दारूचं नुकसान कमी करण्याचे सगळ्यांत परिणामकारक आणि स्वस्त उपाय तीन आहेत : कर वाढवून किंमत वाढवणं, विक्रीची ठिकाणं आणि वेळ कमी करणं आणि जाहिरातींना बंदी घालणं. यात अवघड असं काही नाही. गल्लीच्या तोंडाशी दुकान असलं की कामावरून परतणाऱ्या माणसाचे पाय आपोआप तिकडे वळतात. तेच दोन मैल लांब असलं, तर पट्टीचा पिणारा जाईलच, पण नुकता पिऊ लागलेला पोरगा दहादा विचार करेल.

आता आपल्याकडे काय होतं ते पाहा. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितली. जुलै 2017 मध्ये शहरांच्या हद्दीतल्या दुकानांना त्यातून सूट मिळाली. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. डाळ-तांदळाच्या पिशवीत बाटली येणार म्हणून गदारोळ झाला आणि तो निर्णय पुढे सरकला नाही. 2021 मध्ये परदेशातून येणाऱ्या स्कॉचवरचं उत्पादन शुल्क निम्म्यावर आणलं. 2025 मध्ये मात्र इथल्या विदेशी मद्यावरचं शुल्क चांगलंच वाढवलं. किंमत वाढली हे बरंच झालं, पण त्यामागचा हिशेब तिजोरीचा होता. ज्या पैशावर सरकारचं घर चालतं, तो पैसा आटावा असं सरकारला मनापासून कसं वाटणार? म्हणून या बाबतीत सगळा भार सरकारवर टाकून चालणार नाही.

मग कोणी बोलायचं? ज्यांना त्रास होतो त्यांनी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत दिसलं, की आपल्या देशात पंधरा वर्षांवरचे साधारण 19 टक्के पुरुष दारू पितात. बायकांचं प्रमाण जेमतेम 1 टक्का. पण ज्यांचे नवरे वारंवार दारूच्या नशेत असतात, त्या बायकांपैकी 70 टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. नवरा न पिणारा असेल तिथे हाच आकडा 23 टक्के होता. तोही काही थोडाथोडका नाही, आणि मारणारा प्रत्येक पुरुष पिणारा असतो असंही नाही. पण बाटली आली की मार तिपटीनं वाढतो, एवढं यातून दिसतंच.

आपल्या राज्यात बायकांच्या हातात एक हत्यार आहे : उभी बाटली, आडवी बाटली. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या बायका सह्या करून दुकान बंद करण्यासाठी मतदान मागू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. यातली मेख अशी, की आडव्या बाटलीला नोंदलेल्या एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी घरात बसली, शेतावर गेली किंवा माहेरी होती, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतं. आमदारसुद्धा या हिशेबानं निवडून येणार नाही!

लहान गावात घरोघरी फिरून हे जमवता येतं. शहरात मात्र नाकी नऊ येतात. पुण्यात आता चार-चार नगरसेवकांचे प्रभाग आहेत आणि एकेका प्रभागात हजारो बायकांची नावं. त्यातल्या किती जणींनी ते दुकान पाहिलेलं असणार? मार्च 2025 मध्ये त्या वेळचे उत्पादन शुल्कमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत दोन घोषणा केल्या. सोसायटीच्या आवारात नवं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, आणि वॉर्डात झालेल्या मतदानापैकी 75 टक्के मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होईल. पहिली घोषणा चांगली. पण सोसायटीला जो हक्क, तो वस्तीला का नको? चाळीत, झोपडपट्टीत, गावठाणात राहणाऱ्या बाईलाही दुकान सुरू होण्याआधी विचारायला हवं. एकदा थाटलेलं दुकान हटवणं किती जड जातं, हे वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही पाहतोच.

आणि दुकान बंद झालं म्हणजे काम संपलं असंही नाही. चंद्रपूरच्या बायका 2010 मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत विधानभवनावर चालत गेल्या. 1 एप्रिल 2015 ला जिल्ह्यात दारूबंदी झाली. 2021 मध्ये सरकारनं ती उठवली. कारण काय, तर बेकायदा दारू बोकाळली आणि तिच्या धंद्यात बायका-मुलंही ओढली गेली. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. तिथे 2016 पासून 'मुक्तिपथ'च्या माध्यमातून गावोगावच्या संघटना चोरटी विक्री अडवणं आणि व्यसनी माणसाला उपचार मिळवून देणं ही दोन्ही कामं करत आहेत. कायद्याच्या मागे रोज राबणारी माणसं लागतात, ती अशी. चोरटी दारू बंदी नसलेल्या भागातही मारतेच. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. तिथे काही बंदी नव्हती.

तेव्हा मैत्रिणींनो, आपापल्या गावात एवढं तरी करू या. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत आपल्या भागातली दारूची दुकानं मोजा. शाळेजवळ, देवळाजवळ किती आहेत, रात्री कितीपर्यंत उघडी असतात, कोवळ्या पोरांना बाटली देतात का, ते लिहून काढा. तारीख-वार घालून उत्पादन शुल्क खात्याच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मतदानाचे आजचे नियम काय आहेत, तेही तिथेच विचारा. मतदान मागायचं ठरलं तर आधी मतदारयादी तपासा. लग्न होऊन गेलेल्या, वारलेल्या बायकांची नावं यादीत तशीच असतील, तर ती आपल्याच विरोधात मोजली जातात.

आणि घरातला माणूस पूर्ण आहारी गेला असेल, तर लपवू नका. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आजही उभं आहे. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात, हे या संस्थेनं हजारो घरांना दाखवलं. दुकान लांब गेलं तर नवे पिणारे कमी होतील. जे आधीच अडकलेत त्यांचा हात मात्र आपल्यालाच धरून दवाखान्यापर्यंत न्यावा लागेल.