नाका आणि हजेरीपट

आमच्या इन्सुलीचं नाव घेतलं की बाहेरच्यांना तपासणी नाका आठवतो. गोव्याची हद्द जवळच, त्यामुळे तिकडची चोरटी दारू इथे पकडली जाते. पण माणसांचाच व्यापार होतो तेव्हा कायदा कोणाला पकडतो?

1956 चा अनैतिक व्यापाराचा कायदा परवा नातवाकडून छापून घेतला आणि वाचला. मला वाटायचं, वेश्याव्यवसाय हाच गुन्हा. तसं नाही. कुंटणखाना चालवणं, बाईच्या कमाईवर जगणं, तिला फूस लावून आणणं हे गुन्हे. पण आठव्या कलमाने रस्त्यावर गिऱ्हाईकाला खुणावणारी बाईही गुन्हेगार ठरते. हे कलम काढून गिऱ्हाईकाला शिक्षेच्या कक्षेत आणणारं विधेयक 2006 साली संसदेत आलं होतं. 2009 मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि तेही बारगळलं.

वास्कोची बायणा वस्ती आठवते? जून 2004 मध्ये, ऐन पावसात, तिथल्या खोल्या पाडल्या. बायका पांगल्या, धंदाही त्यांच्याबरोबर पांगला. छाप्यात सज्ञान, स्वखुशीने हे काम करणाऱ्या बाईला अटक करू नका, हे सर्वोच्च न्यायालयाला 19 मे 2022 रोजी सांगावं लागलं. माझं मत स्पष्ट आहे. शिक्षा आणणाऱ्याला आणि विकणाऱ्याला व्हावी, बाईला नव्हे.

असो. दुसऱ्यांना बोलणं सोपं असतं.

माझ्या वर्गातली सातवीची एक मुलगी दिवाळीनंतर आलीच नाही. आजी म्हणाली, "चेडू गोंयात कामाक गेला." मी हजेरीपटावरून नाव कमी केलं. कोणाबरोबर गेली, कुणाच्या घरी राहते, एवढंसुद्धा विचारलं नाही. कदाचित ती सुखात असेल. पण मला ठाऊक नाही, आणि हेच मला खुपतं.

बाटली नाक्यावर सापडते. नोकरीच्या आशेने निघालेली पोर मात्र गाडीत हसतच बसते. तिला बघून पोलीस काय ओळखणार? तिला अडवायचं तर गावातच, गाडीत बसण्याआधी. आठ दिवस मुलगी दिसली नाही तर घरी जावं, नेणाऱ्याचं नाव-पत्ता मागावा, बालकामगार म्हणून नेत असेल तर तक्रार करावी. त्याला नवा कायदा लागत नाही.

मी ते केलं नाही. आमच्या घरात आज शिक्षकी करणारे भाचे-पुतणे आहेत. पोरांनो, नाव कमी करण्याआधी एकदा तिच्या घरी जाऊन या.