सुट्टीत मामाकडे जा!

हल्ली उन्हाळा आला की होस्टेलवर एकच प्रश्न : ‘कुठला क्लास लावलास?’ माझं म्हणणं, एकदा चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरला जाऊन बघा. मी मामाकडे गेलो होतो. पहाटे निघून, सुमारे 18 किलोमीटर चालत आम्ही जोतिबाचा डोंगर गाठला. वर गुलाल, ‘चांगभलं’चा गजर आणि उंचच उंच सासनकाठ्या! काठी एकानं पेलायची, तोल मात्र चारी बाजूंनी दोऱ्या धरणाऱ्यांच्या हातात. एक दोरी सैल पडली की काठी कललीच! मेकॅनिक्समधला समतोल मला तिथं खरा कळला. मामा म्हणाला, “पुढच्या यात्रेला दोरी तू धर, माझे हात आता दमले.” क्लास काय, कधीही लावता येतो. दोरी धरायला शिकवणारा मामा दरवर्षी भेटेलच असं नाही.