सरकारी वकिलाचे वेतन

खुनाचा खटला सत्र न्यायालयात उभा राहतो, तेव्हा आरोपीला आपल्या पसंतीचा वकील देण्याची मुभा असते. ज्याच्या घरचा माणूस मारला गेला, त्याला मात्र ती नसते. असा खटला सरकारी वकिलानेच चालवावा, असे कायदा सांगतो. फिर्यादी पक्षाने पदरमोड करून निराळा वकील दिला, तरी त्याने सरकारी वकिलाच्या सूचनेप्रमाणे साहाय्य तेवढे करावयाचे. म्हणजे मृताची विधवा श्रीमंत असो वा दरिद्री, तिची सारी भिस्त या एकाच माणसावर! त्याच्या चरितार्थाची तजवीज आपण कशी केली आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ वकीलवर्गाचा नव्हे. तो प्रत्येक कुटुंबाचा आहे, असे आम्ही समजतो.

जिल्ह्याचा सरकारी वकील होण्यास किमान सात वर्षांची वकिली हवी, हा १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील दंडक १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. पात्रता अशी कायद्याने ठरली. मोबदला मात्र राज्य सरकारच्या इच्छेवर राहिला. महाराष्ट्रात जिल्हा सरकारी वकिलांच्या मेहनतान्याला आधार आहे तो सरकारनेच १९८४ साली केलेल्या नियमांचा.

न्यायाधीशांची गोष्ट पाहा. कनिष्ठ न्यायालयांतील न्यायाधीशांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली न्या. वेंकटराम रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली वेतन आयोग नेमला. त्याच्या शिफारशीनुसार प्रारंभीचे मूळ वेतन २७,७०० वरून ७७,८४० रुपयांवर गेले. हे उचितच झाले. परंतु त्याच न्यायासनासमोर दिवसभर उभा राहणारा सरकारी वकील त्या आयोगाच्या कक्षेत नव्हता.

उपाय विधिमंडळाच्या हाती आहे. राज्यसेवकांच्या सेवाशर्ती कायद्याने ठरविण्याचा अधिकार घटनेच्या ३०९ व्या कलमाने त्यास दिला आहे. आमदारांचे स्वतःचे वेतन १९५ व्या कलमानुसार कायद्यानेच ठरते. मग पगारी असो वा फीवर नेमलेला, सरकारी वकिलाचा मोबदला व त्याची ठराविक मुदतीने होणारी फेरतपासणी कायद्यात का असू नये?

कोणी विचारील, पगार वाढला म्हणजे सचोटी वाढते काय? नाही वाढत. म्हणून त्याच कायद्यात गुणांवर निवड आणि निश्चित कार्यकाळ यांचीही तरतूद हवी. सहायक सरकारी वकील पोलीस खात्याच्या ताब्यात असू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने शहाणे खटल्यात १९९५ साली महाराष्ट्र सरकारला दिला, त्यामागील तत्त्व हेच. आरोपीला कसेही करून शिक्षा देवविणे हे सरकारी वकिलाचे काम नव्हे. सत्य न्यायालयापुढे मांडणे हे त्याचे काम. ज्याने कोणाचेही मिंधे असू नये, त्याचा मोबदलाही कोणाच्या मेहेरबानीवर नसावा.

तिजोरीवर भार पडेल, हे खरे. पण कर्तबगार वकील या कामाकडे पाठ फिरवू लागले, तर त्याची किंमत त्या विधवेला मोजावी लागते. आपल्या आमदारास वाचकांनी एवढे अवश्य विचारावे.