तू एवढीशी होतीस तेव्हा...

‘तू एवढीशी होतीस ना, तेव्हा...’ अशी आईने पाहुण्यांसमोर सुरुवात केली की आपल्याला अगदी कानकोंडे होते. कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे रांगणे, माती खाणे, बोबडे बोल यांचे चारचौघांत काय कौतुक? वसतिगृहात तर अशा आयांच्या नकलाही होतात. मला मात्र या गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या वाटत नाहीत.

पहिल्या दोन-तीन वर्षांतले सहसा कोणालाच आठवत नाही. फ्रॉइडने 1905 साली या विस्मरणाची चर्चा केली. कारणाबद्दल त्याचे म्हणणे आज फारसे कोणी मानीत नाही, पण विस्मरण खरेच आहे. म्हणजे आपल्या आयुष्याचा आरंभ आपल्यापाशी नसतोच. तो दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यात असतो. ते माणूस गेले की तो भागही गेला.

ज्यांच्या घरी फोटोंचे आल्बम आहेत त्यांचे एक वेळ ठीक. आमच्यासारख्या घरांत दप्तर म्हणाल तर आजीचे तोंड. माझ्या वडिलांची जन्मतारीख शाळेत 1 जून लागली आहे. खेड्यापाड्यांत त्या पिढीतल्या किती जणांचा वाढदिवस 1 जूनला येतो ते पाहावे! मुलाला शाळेत घालायचे म्हणून गुरुजींनी घातलेली ती तारीख. आजी सांगते, ‘ज्वारी काढायला आलती, तवा झाला.’ म्हणजे माघ-फाल्गुन. कागदोपत्री गुरुजींचा जून चालतो, आजीच्या ज्वारीला कोणी विचारीत नाही.

पण या आठवणींचे जे गोडगोड वर्णन आपण वाचतो, त्यात सगळे असते: बाळंतविडा, कुंची, वाळे, उष्टावण, जावळ. आणि बाळाकडे बघत बसायला आईला दुपार असते! ही दुपार सर्वांना मिळते का? मी आईला एकदा विचारले, मी पहिले पाऊल कधी टाकले? ती म्हणाली, ‘मला काय ठावं? अक्काला इचार की.’ आई तेव्हा लोकांच्या रानात भांगलणीला जात होती. बांधावरच्या लिंबाला जुनेराची झोळी, झोळीत मी, आणि दोरी ओढायला आठ वर्षांची अक्का. माझे पहिले पाऊल, पहिला शब्द, पहिला दात हे सगळे अक्कापाशी आहे. त्या वर्षी तिची शाळा सुटली ती सुटलीच. आईला आठवते ते वेगळेच: झोळीला मुंग्या लागल्या होत्या, आणि पाते संपेपर्यंत मुकादमाने उठू दिले नाही. हेही ती कौतुकाच्याच सुरात सांगते, याचे मला अजून नवल वाटते.

1961 च्या कायद्याने नोकरदार बाईला बाळंतपणाची 12 आठवडे पगारी रजा मिळाली, 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे झाली. चांगलेच झाले. पण रोजाने रानात जाणारीला त्यातला एक दिवसही आला नाही. मुलाचे बाळपण डोळे भरून पाहणे हीसुद्धा एक मिळकत आहे, आणि तिची वाटणी इतर मिळकतींसारखीच झाली आहे. आमच्या घरी ती अक्काच्या वाट्याला आली, तीही पाटी-पुस्तकाच्या बदल्यात.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. मुलाने आईला आठवावे याची मराठीत चांगली वाट पडली आहे. आईने मुलाला आठवावे, ही मात्र माजघरातली बडबडच राहिली. लिहिता न येणाऱ्या बाईने ती लिहायची तरी कशी?

म्हणून सुचवावेसे वाटते, की येत्या उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या मराठी विभागाने विद्यार्थ्यांकडून घरोघरच्या अशा आठवणी लिहून घ्याव्यात. भाषा ज्याच्या त्याच्या घरची असू द्यावी, शुद्ध करू नये. आणि एकट्या आईला विचारून थांबू नये. मावशीला, आजीला, थोरल्या बहिणीलाही विचारावे. आमच्या अक्काच्या सासरी एस. टी. दिवसातून दोनदाच जाते, तेव्हा मला तरी सुटीशिवाय ते जमणार नाही.